मुखवट्यासमोर मूल

रविवारचा सकाळचा बालनाट्याचा प्रयोग नुकताच संपलेला आहे. ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या कांठीं उभ्या असलेल्या गडकरी रंगायतनांत पडदा पडतो, दिवे लागतात, आणि प्रेक्षागृहांतील अर्धीं मुलें दाराकडे न जातां रंगमंचाच्या दिशेनें धांवतात. कारण नाटकांतील चेटकीण आतां मुलांना भेटणार, असें त्यांच्या कानांवर आलेलें असतें. या घोळक्यांत डोंबिवलीहून लोकलनें आलेली एक चार वर्षांची मुलगी आहे, अशी कल्पना करावी. गेले पंधरा दिवस तिनें घर डोक्यावर घेतलेलें आहे. आजीची जुनी शाल पांघरून, हातांत लाटणें घेऊन, चेटकिणीसारखी हंसत ती स्वयंपाकघरांत फिरलेली आहे. आतां ती प्रत्यक्ष चेटकिणीपासून दोन हातांवर उभी आहे. वडील मोबाईल सरसावतात, आत्या तिला पुढें ढकलते, आणि त्याच क्षणीं तें पोर आईच्या खांद्यांत तोंड खुपसून टाहो फोडतें.

पुढचा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. “अग, घरीं तर वाघीण असतेस!” म्हणून आत्या हंसते. “एवढे पैसे खर्चून आलों तें रडायला का?” असें वडील चिडून विचारतात. मागें रांगेंत उभी असलेली मंडळी घड्याळाकडे पाहूं लागतात. अखेर मुलीला बळेंच चेटकिणीच्या कडेवर देऊन फोटो काढला जातो, आणि सायंकाळपर्यंत तो साऱ्या नातेवाइकांकडे पोंचून त्यावर हंसूनही झालेलें असतें. त्या फोटोंत चेटकीण हंसते आहे, आत्या हंसते आहे. रडतें आहे तें एकटें मूल, ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप केला.

ज्या पात्रावर मुलाचें इतकें प्रेम, त्याच्याचसमोर त्याला भीति कां वाटावी? याला हट्ट म्हणावें, भित्रेपणा म्हणावें, कीं आणखी कांहीं? आणि अशा वेळीं वडीलधाऱ्यांनीं काय करावें? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु लहान मुलाचा मोठ्या माणसावरील विश्वास ज्या प्रसंगांनीं घडतो किंवा मोडतो, ते प्रसंग बहुधा असेच क्षुल्लक दिसणारे असतात. म्हणून त्याचा शांतपणें विचार करणें इष्ट आहे.

आवडत्या पात्राला जवळून पाहण्याची ही हौस आजची नाहीं. मराठी मुलांपुरतें बोलावयाचें तर, खास मुलांसाठीं थाटामाटानें नाटकें करण्याच्या प्रथेला सुधा करमरकर यांनीं १९५९ सालीं रंगभूमीवर आणलेल्या ‘मधुमंजिरी’ या नाटकानें मोठें बळ दिलें. त्या नाटकाचे लेखक रत्नाकर मतकरी यांनीं पुढें १९६२ सालीं ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकांतील चेटकीण एके काळीं दिलीप प्रभावळकर यांनीं रंगविली. २०१८ सालीं तें नाटक नव्यानें रंगभूमीवर आलें, तेव्हां तीच भूमिका वैभव मांगले यांनीं केली. लहानपणीं पहिली चेटकीण पाहिलेली आजी नातवंडाला घेऊन दुसरी पाहावयास गेली, असें कित्येक घरांतून घडलें आहे. ठाण्याचें गडकरी रंगायतन १९७८ सालचें. त्याच्या जोडीला ठाण्यांतच डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणांत आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलींत सावित्रीबाई फुले कलामंदिर उभें राहिल्यानें, मुलांचें नाटक पाहण्यासाठीं दादर गांठण्याची गरज या शहरांना उरलेली नाहीं.

नाट्यगृहाखेरीज अशा भेटीचें दुसरें ठिकाण म्हणजे थीम पार्क. गोराईचें एस्सेलवर्ल्ड १९८९ सालीं सुरू झालें, आणि ठाण्याकल्याणकडील एक सबंध पिढी होडींत बसून, खाडी ओलांडून तेथें सहलीला जाऊन आली. तें २०२२ सालीं बंद झालें. त्यापूर्वींच, २०१३ सालीं, खोपोलीनजीक इमॅजिका उघडलें होतें, आणि तेथील टबी नांवाचा हत्ती मुलांच्या ओळखीचा झाला होता. या साऱ्या प्रकाराचें मूळ पीठ म्हणजे अमेरिकेंतील डिस्नेलँड. मिकी उंदीर पडद्यावर आला १९२८ सालीं. पण तो माणसाएवढा होऊन मुलांशीं हस्तांदोलन करतो, ही गोष्ट जगभर प्रसिद्ध झाली ती १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें डिस्नेलँडचें दार उघडल्यावर. गंमत अशी कीं, त्या पहिल्या दिवसांतील पात्रांचे पोशाख बर्फावर नृत्याचे खेळ करणाऱ्या एका मंडळीकडून उसने आणलेले होते. इतक्या मोठ्या प्रथेचा आरंभ असा उसन्या सोंगांनीं झाला.

परंतु याहून पुष्कळ जुनी अशी एक परंपरा ठाणेकरांच्या अगदीं जवळ आहे. जव्हार व मोखाडा हा डोंगराळ मुलूख १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यांतच मोडत असे. तेथील आदिवासी पाड्यांतून उन्हाळ्याच्या तोंडाशीं बोहाडा होतो. संबळाच्या तालावर रात्रभर एकामागून एक सोंगें नाचत येतात. गणपति येतो, सरस्वती येते, नरसिंह येतो, दैत्य येतात. मुखवटे थोर, रंग भडक, आणि उजेड मशालीचा. शहरांतील चार वर्षांच्या मुलाला एकाएकीं त्या मुखवट्यासमोर नेऊन उभें केलें तर तें खासच भेदरेल. पाड्यावरील मूल मात्र हें सारें आजीच्या मांडीवर बसून, घोंगडींत शिरून, दुरून पाहतें. भय वाटलें तर तोंड झांकतें, धीर आला तर एक डोळा उघडतें. मधेंच झोंपतें, ढोल वाजला कीं जागें होतें. दुसऱ्या दिवशीं तोच मुखवटा उन्हांत ठेवलेला त्याच्या दृष्टीस पडतो, आणि आंतला माणूस बहुधा शेजारचा काका असतो. त्या मुलाला मुखवट्याजवळ जाण्यासाठीं सबंध रात्र मिळते. शहरांतील मुलाला रांगेंत अर्धें मिनिट. दोघांच्या वागण्यांतील फरक पुष्कळसा या वेळाच्या फरकानें पडतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. मूल मुखवट्याला भितें याचें पहिलें कारण म्हणजे मुखवट्याचें न हलणें. तान्ह्या मुलाची पहिली पुस्तकी म्हणजे आईचा चेहरा. भुंवई वर गेली, ओठ हलले, डोळे मिटले, उघडले, यावरूनच तें जगाचा अर्थ लावावयास शिकतें. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतींत फार बोलका आहे. कांहीं महिन्यांच्या बाळाशीं हंसतखेळत असलेल्या आईला त्यांनीं मधेंच चेहरा अगदीं निर्विकार ठेवावयास सांगितलें. आई समोरच होती, रागावली नव्हती, कांहीं बोललीही नव्हती. बाळानें प्रथम हंसून, हात हलवून तिला बोलतें करूं पाहिलें. तें साधेना तेव्हां मान फिरविली आणि तें कष्टी झालें. स्वतःच्या आईचा थिजलेला चेहराही ज्याला सोसत नाहीं, त्याच्यासमोर पाटीएवढें तोंड, थाळीएवढे डोळे आणि कधींच न मिटणारें हसूं घेऊन कोणी उभा राहिला, तर तो हत्ती कितीही प्रेमळ असला तरी त्या हंसण्याचा अर्थ मुलाला लागत नाहीं. अर्थ न लागणें हेंच लहान मुलाच्या भीतीचें मूळ आहे.

चेटकिणीची गोष्ट थोडी वेगळी आहे. आपल्या बालनाट्यांतील पात्रें बहुधा सबंध डोकें झांकीत नाहींत; नटाचा स्वतःचाच चेहरा रंगविलेला असतो, ओठ हलतात, डोळे फिरतात, आवाज ओळखीचा असतो. तरीही वरच्या प्रसंगांतील मुलगी रडली. येथें दुसरें कारण लागू पडतें, आणि तें मुलाच्या विश्वासांत आहे. रेटा डीव्ह्रीज नांवाच्या विदुषीनें १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत मेनार्ड नांवाचें एक अतिशय शांत मांजर होतें. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आधीं तें मांजर दाखवून, कुरवाळूं देऊन, मग त्याचें डोकें आडोशामागें नेऊन त्यावर क्रूर कुत्र्याचा मुखवटा चढविण्यांत आला. मांजराचें शेपूट व मागचें अंग सारा वेळ मुलांच्या नजरेसमोर होतें. तरीही तीन वर्षांच्या मुलांपैकीं पुष्कळांना तें मांजर खरोखरच कुत्रा झालें असें वाटलें. सहा वर्षांचीं मुलें मात्र तें मांजरच आहे असें बहुतेक ठामपणें सांगत होतीं. मधल्या वयाचीं मुलें मधेंच कोठें तरी होतीं.

याचा अर्थ असा कीं, तीनचार वर्षांच्या मुलाला “तो नट आहे” हें वाक्य पाठ म्हणतां आलें, तरी समोर उभें असलेलें सोंग त्याच्या मनांत सोंग राहत नाहीं, तें खरें होतें. रंगमंचावर चेटकीण वीस हात दूर होती, दिव्यांच्या झोतांत होती, आणि भोंवतीं तीनशें मुलें हंसत होतीं. तेथें ती गोष्टींतील होती. आतां ती दोन हातांवर आली, तिच्या अंगाचा वास आला, तिची सांवली अंगावर पडली. गोष्ट संपली आणि चेटकीण उरली. मुलगी भित्री म्हणून रडली नाहीं. नाटक तिनें पूर्ण मनोभावें पाहिलें, म्हणून ती रडली. ज्या मुलाला कांहींच वाटलें नाहीं, त्याच्यापेक्षां नाटकाचा अधिक मान तिनेंच राखला, असें म्हणतां येईल.

अशा वेळीं मूल काय करतें? तें प्रथम मुखवट्याकडे पाहतें आणि लगेच मान वळवून आपल्या माणसाकडे पाहतें. ही मान वळविणें अवघ्या क्षणाचें असतें, आणि सगळ्या प्रसंगाची किल्ली तेथेंच आहे. जेम्स सॉर्स व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग हें स्पष्ट करून दाखवितो. एका मेजावर कांच बसविली होती व अर्ध्या भागांत कांचेखालीं सुमारें एक फूट खोली दिसत होती. बारा महिन्यांचें मूल रांगत त्या कडेशीं आलें कीं थबके आणि पलीकडे उभ्या असलेल्या आईच्या तोंडाकडे पाही. ज्यांच्या आयांनीं आनंदी मुद्रा केली, अशा १९ मुलांपैकीं १४ मुलें कांच ओलांडून गेलीं. ज्यांच्या आयांनीं भ्यालेली मुद्रा केली, अशा १७ मुलांपैकीं एकही गेलें नाहीं. कोणी एक शब्द उच्चारला नव्हता. मुलांनीं खोली मोजली ती आईच्या चेहऱ्यावर.

आतां रंगायतनांतील तो प्रसंग पुन्हां आठवावा. मुलीनें मान वळवून पाहिलें तेव्हां वडिलांचा चेहरा मोबाईलच्या आड होता. आई मुलीकडे पाहत नव्हती. ती मोबाईलकडे पाहून हंसत होती, कारण फोटोंत तिलाही यावयाचें होतें. आत्याचे हात पाठीवर होते, आणि ते पुढें लोटत होते. ज्या एका चेहऱ्यावरून “हें ठीक आहे” किंवा “नको, मागें ये” असें तिला वाचतां आलें असतें, तो चेहराच त्या वेळीं तिच्यासाठीं मोकळा नव्हता. पुढें मुखवटा, मागें भ्रमणध्वनीचा काळा चौकोन. मग तिनें एकच आसरा उरला तो घेतला, आईचा खांदा. दुःखाची गोष्ट अशी कीं, तेथूनही तिला सोडवून चेटकिणीच्या कडेवर दिलें गेलें. चेटकिणीची भीति चार दिवसांत विरून जाईल. पण आपण घट्ट धरलें असतांही आपल्याला सोडविलें गेलें, ही जाणीव इतकी लवकर विरत नाहीं.

येथें त्या बिचाऱ्या सोंगाच्या बाजूचाही विचार केला पाहिजे. थीम पार्कांतील हत्ती किंवा अस्वल म्हणजे स्पंजाचा व खोट्या केसांचा जाड पोशाख घातलेला एक घामाघूम माणूस असतो. आंत वारा नाहीं, म्हणून थोड्या थोड्या वेळानें त्याला आंत जाऊन विसावा घ्यावा लागतो. पाहण्यासाठीं बहुधा जाळी लावलेली एक लहानशी फट असते. तींतून समोरचें दिसतें, पण गुडघ्याशीं उभें असलेलें मूल दिसत नाहीं. म्हणूनच त्याच्यासोबत बरेच वेळां एक साधा कपडे घातलेला मदतनीस असतो. असें पात्र सहसा बोलत नाहीं. जें सांगावयाचें तें हातवाऱ्यांनीं. तेव्हां मुलाला मागून किंवा बाजूनें त्याच्या पायांशीं सोडूं नये. समोरून, दिसेल असें न्यावें. मूल बुजरें आहे हें मदतनिसाला आधींच हळूं आवाजांत सांगावें. जाणता कलावंत अशा वेळीं स्वतः पुढें येत नाहीं. तो चार पावलें दूर थांबतो, खालीं बसतो, कधीं स्वतःच लाजल्यासारखे डोळे झांकून घेतो, आणि पहिलें पाऊल मुलाला टाकूं देतो.

भेटीची तयारी घरींच सुरू करावी लागते. दोन वर्षांखालील मुलाला अशा भेटीची गरजच नसते. तो सोहळा मोठ्यांचा असतो. तीन ते पांच वर्षांच्या मुलाला आधीं चित्र दाखवावें आणि पात्र केवढें असेल तें खोलींतल्या खोलींत दाखवावें: “हत्ती त्या दाराएवढा असेल हं, आणि तो बोलणार नाहीं, नुसता हात हलवील.” जुनें वर्तमानपत्र, खळ आणि रंग यांतून मुलाच्याच हातानें एक ओबडधोबड मुखवटा करवावा. तो प्रथम आजोबांनीं घालावा व मुलासमोरच काढावा. मग मुलानें घालावा आणि आरशांत पाहावें. पदराआड तोंड लपवून “कुक्” करण्याचा जो खेळ आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्याचाच हा थोरला भाऊ होय. तोंड नाहींसें झालें तरी माणूस नाहींसें होत नाहीं, हा मोठा सिद्धांत मूल हंसत हंसत येथेंच शिकतें.

या तयारींत एक गोष्ट मात्र आड येते. ज्या घरांत घास घेतला नाहीं कीं “बागुलबुवा येईल”, झोंपलें नाहीं कीं “चेटकीण घेऊन जाईल”, असें सांगितलें जातें, त्याच घरानें रविवारीं दोनशें-तीनशें रुपयांचें तिकीट काढून मुलाला त्या चेटकिणीच्या कडेवर हंसत बसावयास सांगावें, हा न्याय कोणता? मुलाची स्मरणशक्ति चांगली असते. बुधवारीं भाजी टाकल्याचा हिशेब चेटकीण आज मागणार, असें त्याला वाटलें तर त्यांत त्याची चूक नाहीं. धाक म्हणून उभा केलेला बागुलबुवा हौस म्हणून पुन्हां वापरतां येत नाहीं.

प्रत्यक्ष भेटीच्या वेळीं नियम एकच: किती जवळ जावयाचें तें मुलानें ठरवावें. दहा पावलांवरून हात हलविला तरी ती भेट झाली. वडिलांच्या पाठीआडून पाहिलें तरी ती भेट झाली. मोठ्या माणसानें मुलाच्या उंचीला खालीं बसावें, आपला चेहरा त्याला दिसेल असा ठेवावा, आणि आधीं आपण पात्राला नमस्कार करावा. मूल पाहत असतें. आईनें हत्तीशीं हात मिळविला आणि तिच्या हाताला कांहीं झालें नाहीं, हें त्याला पुरेसें बोलकें होतें. फोटो काढावयाचा तर त्यानंतर काढावा, आणि शक्य तर मुलाला उभें न करतां, जें चाललें आहे त्याचाच काढावा. मूल रडलें तर उचलून बाजूला न्यावें; “मुलगा असून रडतोस?” किंवा “ती बघ, तुझ्याहून लहान आहे, रडते का?” हीं दोन वाक्यें तेवढीं गिळून टाकावीं. तुलनेनें भीति जात नाहीं. ती फक्त लपते.

पांचसहा वर्षांचें मूल मग एक दिवस विचारतेंच: “ती खरी चेटकीण आहे का?” येथें पुष्कळ आईबाप दोन टोकें गांठतात. कोणी “अरे, तो नुसता पोशाख घातलेला माणूस” म्हणून खेळच मोडून टाकतात, तर कोणी “अगदीं खरी!” म्हणून शपथ घेतात. त्यापेक्षां प्रथम “तुला काय वाटतें?” असें विचारून पाहावें. पुष्कळदां मुलाला उत्तर नको असतें. आपला तर्क बोलून दाखवावयाचा असतो. परंतु त्यानें गंभीरपणें, डोळ्यांत पाहून पुन्हां विचारलें, तर खरें तेंच सांगावें. एक कलावंत ही चेटकीण होतो, आवाज बदलतो, चाल बदलतो, आणि तुम्हां मुलांना हंसवितो, हें सत्य खोट्या शपथेहून कमी अद्‌भुत नाहीं. एक दाढीमिशा येणारा बाप्या चेटकीण होऊन शेंकडों मुलांना तासभर खिळवून ठेवतो, हें कळल्यावर कित्येक मुलांच्या मनांत नाटकाविषयींची गोडी वाढते. फसविलें गेल्याचें कळल्यावर मात्र ती कमी होते.

आणि भेट घेण्याची एक याहून चांगली रीति आहे: मुलानें स्वतःच पात्र होणें. डोंबिवलींत १९९९ सालीं गणेश मंदिर संस्थानानें गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. पुढें तिचें अनुकरण ठाण्यांत व इतर अनेक शहरांतून झालें. त्या यात्रेंत जिजाबाई, शिवराय, वारकरी अशीं कितीतरी लहान लहान सोंगें मोठ्या डौलानें चालत असतात. मिशी काढली कीं मूल ताठ होतें, नऊवारी नेसविली कीं चाल बदलते. डोक्यावरचा फेटा कानांवर उतरला तरी तें हंसत असतें, कारण त्या फेट्याच्या आंत काय आहे तें त्याला ठाऊक असतें. मुखवटा बाहेरून पाहिलेल्या मुलापेक्षां आंतून पाहिलेलें मूल पुढच्या वेळीं अधिक धीट असतें.

शेवटीं त्या चार वर्षांच्या मुलीकडे परत जावें. समजा, त्या रविवारीं वडिलांनीं मोबाईल खिशांतच ठेवला असता. आई रांगेच्या बाहेर, खांबाशीं, मुलीच्या उंचीला बसली असती. चेटकिणीभोंवतीं मुलांचा गलका चालू असतां या दोघींनीं दुरून हात हलविला असता, आणि त्या गर्दींतही चेटकिणीनें एकवार मान वाकडी करून प्रतिसाद दिला असता. फोटो निघाला नसता. नातेवाइकांकडे धाडावयास कांहींच उरलें नसतें. परंतु तलावपाळीवरून स्टेशनकडे चालतांना, आणि मग डोंबिवली लोकलच्या गर्दींत आजीच्या मांडीवर जागा मिळाल्यावर, मुलीनें मुंब्र्यापासून दिव्यापर्यंत एकच गोष्ट पुनःपुन्हां सांगितली असती: “आजी, ती माझ्याकडेच बघत होती.” आणि दिवा सुटतां सुटतां, थोडें थांबून, खालच्या आवाजांत: “पुढच्या वेळीं मी जवळ जाईन. तूं पण चल.”

“तूं पण चल” या तीन शब्दांत मुलाचा सारा हिशेब येतो. चेटकिणीपुढें जावयास त्याला धीर लागतो, आणि तो धीर तें आपल्या माणसाच्या हातांतून घेतें. तो हात पाठीवरून पुढें लोटणारा नसावा. मुलानें मागें चांचपून पाहिलें तर तेथेंच सांपडणारा असावा.